तात्पुरतं स्टेडियम

आज सकाळी मंदाताई मैदानात उकिडव्या बसून मातीतली खडी वेचताना दिसल्या. वस्तीतल्या मुलींना त्या इथेच कबड्डी शिकवतात. माती चाळून, पाणी मारून त्यांनी ती वर्षानुवर्षं मऊ राखली होती.

गेल्या महिन्यात इथे कबड्डीच्याच स्पर्धेसाठी तात्पुरतं स्टेडियम उभारलं. नियोजनाच्या बैठकीला मीही होतो. ट्रक रुतू नयेत म्हणून खडी टाकायचं ठरलं, तेव्हा मंदाताईंनी विचारलं, "मग माझ्या मुली खेळणार कुठे?"

"ताई, तात्पुरतंच आहे हो," आयोजक हसले. मीही मान डोलावली.

उद्घाटनाला मंदाताईंना शाल-श्रीफळ दिलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. स्पर्धा संपली, मांडव गेला, खडी राहिली. आयोजक आता फोन उचलत नाहीत.

'तात्पुरतं' या शब्दाचीच मला शिसारी आली आहे. तो नेहमी दुसऱ्याच्या जागेबद्दल वापरला जातो. आणि त्याहून जास्त किळस येते ती माझ्या त्या मान डोलावण्याची.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"काल दोघींचे गुडघे फुटले," त्या वर न बघता म्हणाल्या. "त्या कोपऱ्यापासून सुरू करा. हात जपून घाला, काचाही आहेत."