रिजवानच्या खर्जाची झेरॉक्स

नांदेडच्या इतवाऱ्यात रिजवानचं दुकान इतकं अरुंद, की मोठा स्पीकर दुरुस्तीला आत आला की रिजवानला बाहेर यावं लागतं. फाटलेल्या स्पीकरला नवा कागदी कोन बसवून देणं हा त्याचा धंदा. तो त्याला वडलांनी, म्हणजे सगळ्या इतवाऱ्याच्या सलीमचाचांनी शिकवला. चाचा कोन बसवला की कानानं ऐकायचे नाहीत, तळहात ठेवायचे. हात झिणझिणला पाहिजे, पण थरथरला नाही पाहिजे. एवढं एक वाक्य पोराच्या हवाली करून चाचा गेले, आणि पोरगं त्या वाक्याच्या नादानं बेस गिटार वाजवायला लागलं.

लातूरच्या 'मांजरा मेलडीज' या ऑर्केस्ट्रात त्यानं नऊ वर्षं बेस वाजवला. लग्नं, गणपती, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळं. या नऊ वर्षांत रसिकांकडून त्याला प्रश्न आला तो एकच.

"ओ भाऊ, तुमच्या गिटारीच्या दोन तारा तुटल्यात का?"

"न्हाई मामा, चारच असत्यात."

"मग आवाज येत न्हाई तो?"

आवाज येत होता. तो मामाच्या छातीत येत होता, कानात नाही, म्हणून मामाला कळत नव्हतं. रिजवाननं हे समजावणं तिसऱ्या वर्षीच सोडून दिलं.

त्याच्या पायाशी शाळेच्या जुन्या बाकाची एक फळी असायची आणि फळीवर पाच लोखंडी डब्या. म्हणजे गिटारीचा आवाज बदलणारी, पायानं दाबायची पेडलं. एक तारा सुरात जुळवून देणारी. एक आवाज आवळून धरणारी, म्हणजे कुठला सूर उडी मारून बाहेर येणार नाही आणि कुठला बुडणारही नाही. एक खालचा सप्तक जोडणारी, एक आवाजाला जरा खरखर देणारी, आणि एक पसरवणारी. खरखरीची डबी त्यानं स्वतः उघडून आत दोन ठिकाणी सोल्डरिंगचे डाग दिले होते, कारण कंपनीच्या मूळ डबीत खरखर आली की खर्ज पळून जायचा. गिऱ्हाइकाच्या स्पीकरला जेवढा जीव लावतो तेवढाच त्यानं या डबीलाही लावला होता.

डब्यांच्या बटणांभोवती बहिणीच्या, सुमय्याच्या, नेलपॉलिशचे ठिपके होते. लाल ठिपका खुल्या मैदानाचा, गुलाबी मंगल कार्यालयाचा, मोरपंखी पत्र्याच्या शेडचा. सुमय्याचं ब्लाउज शिवायचं काम शेजारीच. ती म्हणायची, "भाई, मेरे नाखुनां कोरे और तेरे डब्बे नवरी!"

पण ठिपके म्हणजे नुसती सुरुवात. खरी गोष्ट पुढंच होती. प्रोग्रॅमच्या आधी रिजवान स्वतः जोडलेली पंचवीस मीटरची वायर गिटारीला लावायचा आणि वाजवत वाजवत स्टेजवरून उतरून थेट शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसायचा. तिथं डोळे मिटायचा. मग उठून यायचा, वाकायचा, बटण ठिपक्याच्या गव्हाएवढं अलीकडं किंवा पलीकडं सरकवायचा आणि परत जायचा. कधी दोन फेऱ्या, कधी पाच. त्या वायरीत अडकून एकदा एका गावचे उपसरपंच पडले. तेव्हापासून ऑर्केस्ट्राचे मालक श्रीनाथ सर या फेऱ्यांना 'रिजवानभाईंचा मॉर्निंग वॉक' म्हणायचे.

श्रीनाथ सर कीबोर्ड वाजवायचे आणि लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. त्यांच्या नोट्स प्रसिद्ध होत्या. मागच्या वर्षी समोरच्या क्लासवाल्यानं त्या नोट्सची झेरॉक्स काढून वाटली, तेव्हा सरांनी आठ दिवस मोबाईलच्या स्टेटसवर 'चोरी ती चोरीच' एवढंच ठेवलं होतं. रिजवाननं त्या प्रत्येक स्टेटसला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

तर मुखेडला एका लग्नात घोळ झाला. दोन डब्यांमधली छोटी वायर सैल झाली आणि ऐन विरहाच्या गाण्यात स्पीकरमधून घुंऽऽ सुरू झालं. दोन कडवी. पहिल्या रांगेतल्या चार पाहुण्यांनी आपापले मोबाईल काढून बघितले. रिजवान गुडघ्यावर बसून पाच डब्यांत सहा वायरी चाचपत होता, आणि नवरीचा बाप त्याच्याकडं असा बघत होता, जसं काही त्यानंच मुलगी नेली.

चार दिवसांनी सर इतवाऱ्यात हजर. हातात काळी चपटी पेटी.

"रिजवानभाई, पाच डब्या, सहा वायरी. म्हणजे बिघडायला अकरा जागा. ही एकच पेटी. हैदराबादहून मागवली. साठ आवाज आहेत आत. गाण्याचा नंबर दाबा, आवाज हजर."

"आन् पेटीच गेली तर, सर? डबी गेली तर एक डबी जाती, चार ऱ्हात्यात. पेटी गेली तर म्या स्टेजवर नुसता फोटोला उभा."

"बॅकअप असतो ना."

"उन्हात या काचंवरचं दिसंल का? म्या अंधारात बी बोटानं बटन वळखतो. हिच्यात तर हे दाबा, मग आत अजून एक यादी, तिच्या आत अजून एक. हाटेलात गेल्यावानी."

"एकदाच बसवायचं. मग सेव्ह. कंबरेचं बघा जरा, यष्टीच्या टपावर किती वर्षं चढवणार ती फळी?" सर थांबले आणि गळ्यातला चष्मा पुसत म्हणाले, "आणि तुमचा आवाज असा मोकळा सोडायची गोष्ट नाही. कायमचा जपून ठेवू."

कंबर दुखत होतीच. पण रिजवान विरघळला तो शेवटच्या वाक्याला. 'तुमचा आवाज' असं आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. बेसला आवाज असतो हेच कुणी म्हटलं नव्हतं.

डब्या सरांच्याच ओळखीनं हैदराबादच्या व्यापाऱ्याकडं बदल्यात गेल्या, ठिपक्यांसकट. रिकामी फळी घेऊन रिजवान घरी आला. सुमय्यानं पेटी उलटीपालटी केली.

"डब्बे देके डब्बाच लाया न, भाई?"

"इसमें साठ हैं."

"और ठिपके कहाँ लगाऊँ?"

ठिपके लावायला पेटीला जागाच नव्हती.

पुढचे तीन रविवार रिजवान सकाळच्या गाडीनं लातूर. क्लासच्या रिकाम्या खोलीत फळ्यावर दोलकाचं सूत्र, त्याखाली पेटी, पेटीतून वायर सरांच्या लॅपटॉपला. सर एकेक गाणं घ्यायचे आणि विचारायचे. नुसतं 'काय' नाही, 'का' विचारायचे. जाणकार शिक्षक होता तो.

"इथं खालचा सप्तक का जोडता? आणि ओळीच्या शेवटीच का?"

"कारण तिथं ढोलक थांबतंय, सर. थांबलं की जमीन उघडी पडती. तिथं म्या सतरंजी टाकतो."

"वा! आणि हळदीच्या गाण्यात आवळून का धरता?"

"हळदीत ऑक्टोपॅडवाला अंगात आल्यागत वाजवतो. त्याच्यात म्या बी मोकळा सुटलो तर चिखल."

सर टिपून घ्यायचे. चाळीस गाणी झाली. प्रत्येक आवाजाला सरांनी नाव दिलं, रिज एक, रिज दोन, असं चाळीसपर्यंत. "बॅकअप लॅपटॉपमध्ये ठेवतो. उद्या पेटीला काही झालं तरी तुम्ही सुरक्षित." सरांच्या बायकोनं, वहिनींनी, रिजवानला मुरमुऱ्यांचा सुशीला वाढला. जाताना सर दारापर्यंत आले. गाडीत रिजवानला वाटलं, नऊ वर्षांचं कुणीतरी एकदाचं ऐकलं.

शेवटच्या खुर्चीची गोष्ट मात्र निघाली नाही. सरांनी विचारली नाही. तो त्यांच्या मते मॉर्निंग वॉक होता. आणि रिजवानला ती सांगण्यासारखी वाटलीच नाही, पाय पुसून घरात जावं इतकी ती अंगवळणी.

मग तारखा यायच्या बंद झाल्या.

"सीझन मंदा आहे," सर फोनवर म्हणाले. मग म्हणाले, "पार्टीनं छोटा संच मागितलाय." मग फोन उचलणं कमी झालं. रिजवान दुकानात बसून पेटी पायानं दाबून बघायचा. रिज एक. रिज दोन. आवाज हजर होते, प्रोग्रॅम नव्हता.

अहमदपूरच्या मंडपवाल्याचे चार मोठे स्पीकर त्याच्याकडं आले होते. तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कार्यक्रम होता आणि मंडपवाला म्हणाला, स्वतः येऊन जोडून दे. दुपारी चार वाजता रिजवान मोंढ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीमागं, शेवटच्या स्पीकरचे स्क्रू आवळत होता. सवयीनं त्यानं कोनावर तळहात ठेवला.

आणि हात झिणझिणला.

स्टेजवर कुणीतरी वाजवायला लागलं होतं. दुसरी ओळ संपली, ढोलक थांबलं, आणि उघड्या जमिनीवर बरोबर त्या जागी सतरंजी पडली. रिज सात. रिजवाननं हात असा मागं घेतला, की शेजारच्या माणसाला वाटलं करंट लागला.

पोत्यांच्या बाजूनं तो पुढं आला. 'मांजरा मेलडीज'चा बोर्ड. कीबोर्डमागं श्रीनाथ सर. त्यांच्या डाव्या हाताला विशीतली एक मुलगी, गळ्यात बेस, पायाशी तसलीच काळी पेटी. सरांची मुलगी इरा. पुण्याला शिकायला होती, आता परत आली होती. रिजवाननं तिचा फोटो फक्त सरांच्या भिंतीवर पाहिला होता.

सरांचं लक्ष गेलं. चष्मा निघाला, पुसला गेला, परत चढला.

"अरे, रिजवानभाई! तुम्ही इकडं? मी सांगणारच होतो तुम्हाला."

"कधी, सर?"

"तसं नाही. पोरीचं कॉलेज संपलं, घरात बसून होती. घरचंच माणूस झालं तर..." सर स्टेजवरून खाली आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, आवाज काय कुणाच्या मालकीचा असतो का? ज्ञान आहे ते. मी शिकवतो, पोरं लिहून घेतात. तसंच."

"तुमच्या नोट्सची झेरॉक्स निघाली, तवा आठ दिवस स्टेटस कुणी ठेवलं होतं, सर? म्या हात जोडून राहिलो होतो रोज."

सरांना हे उत्तर अभ्यासक्रमाबाहेरचं गेलं. ते वायरी बघू लागले. तेवढ्यात इरा स्टेजच्या कडेला येऊन वाकली.

"बाबा, हे रिजवानकाका का? काका, म्हणजे 'रिज' तुम्ही? पेटीत सगळ्या आवाजांना रिज एक, रिज दोन असंच आहे. मला वाटलं कंपनीचं नाव आहे!" ती मनापासून हसली. तिला खरंच काही माहीत नव्हतं. "भारी आहेत, काका. पण इथं कायतरी गडबड होतेय. घरी छान वाजतं, इथं नुसतं गरगरतंय."

सरांना वाट सापडली. "हां, रिजवानभाई, आलाच आहात तर जरा मागून ऐकता का? तुमचा तो मॉर्निंग वॉक."

नाही म्हणावं असं रिजवानच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण पाय आधीच निघाले. हातात वायर नव्हती, गळ्यात गिटार नव्हती, तरी पाय रांगेमागून रांग मोजत शेवटच्या खुर्चीपाशी गेले. तो बसला. डोळे मिटले.

"वाजव, इरा."

दोन ओळींत त्याला कळलं. आवाज मंगल कार्यालयाचा होता, गुलाबी ठिपक्याचा. इथं वर पत्रा. खालचा सप्तक पत्र्यावर आपटून परत येत होता आणि ढोलकाचा गळा धरत होता. सप्तकाचं बटण जुन्या मोरपंखी ठिपक्याच्या जागी आणायचं, मग ठिपक्याच्या गव्हाएवढं अलीकडं, आणि आवळायचं जरा सैल सोडायचं. एवढंच. हे पेटीत नव्हतं. लॅपटॉपमध्येही नव्हतं. हे फक्त या खुर्चीत होतं.

त्याचा हात वर गेला होता. 'कमी कर' म्हणून सांगायला, नऊ वर्षांच्या सवयीनं.

"काय, काका?" इरानं माईकवरून विचारलं.

रिजवाननं डोळे उघडले. स्टेजवर ती त्याच्या हाताकडं बघत होती आणि सर त्याच्याकडं सोडून बाकी सगळीकडं.

त्यानं वर गेलेल्या हाताचा अंगठा केला.

"एकदम बरोबर. असंच ठेव."

"बघ, म्हटलं नव्हतं?" सर म्हणाले.

त्या दिवशी रिजवान कुणाशी तरी पहिल्यांदा आवाजाबद्दल खोटं बोलला. आणि तेही त्या पोरीशी, जिनं त्याला भारी म्हटलं होतं.

स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकून तो बसस्टँडवर आला. नांदेडच्या गाडीला वेळ होता. सूर्य खाली गेला तसा मोंढ्याच्या बाजूनं कार्यक्रम सुरू झाला, आणि वाऱ्याबरोबर पहिलं गाणं स्टँडपर्यंत आलं. गाणं कमी, गरगर जास्त. ढोलक बुडालं होतं. त्याचा खर्ज, त्याच्या नावाचा, त्यानं जोडलेल्या स्पीकरमधून, अख्ख्या अहमदपूरवर चिखल करत होता. बाकड्यावर तो नुसता ऐकत बसला. उठून जाऊन दोन बटणं फिरवली असती, की झालं असतं. तो दोनदा उठला आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत बसला.

शेजारी पटकेवाले एक मामा शेंगा फोडत होते. त्यांनी कान टवकारला.

"काय बेकार वाजून राहिलंय रं! स्पीकर फाटके हायत वाटतं."

रिजवान ताडकन वळला.

"स्पीकर चांगले हायत, मामा. म्या बसवलेत."

"मग वाजवणारा अडाणी असंल."

रिजवाननं तोंड उघडलं. मामांनी शेंग पुढं केली. नांदेडची गाडी लागली, तशी ती शेंग न फोडताच खिशात टाकून तो चढला.