देवीचं दार आणि बुजलेलं टोक

त्या दुपारी मी देवीलाच फाडकन बोललो होतो, "तुझ्याच दारासाठी आणलंय ना हे मशीन? मग तूच चालव!" आज आठवलं की लाज वाटते आणि हसूही येतं.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गंगाखेडला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. आमच्या गावच्या देवीच्या गाभाऱ्याचं लाकडी दार वाळवीनं पोखरलं होतं. ते मीच उतरवलं आणि घटस्थापनेच्या आत स्टीलचं बसवतो म्हणून शब्द दिला. स्टेनलेस स्टील गॅसनं नीट कापलं जात नाही, म्हणून बंद पडलेल्या एका कारखान्यातून जुनं प्लाझ्मा कटर आणलं. वीज आणि वारा एकत्र करून ते पत्रा कापतं. पण आणलं नेमकं पितृपंधरवड्यात. बायको म्हणाली, "पितरपाटात कुणी नवं मशीन दारात घेतंय व्हय?" तिचं समाधान व्हावं म्हणून मी दणकून पूजा घातली. तेलात कालवलेलं कुंकू मशीनला, कंप्रेसरला, नळीला, अगदी कापायच्या टॉर्चच्या टोकालाही फासलं.

मशीन तीन दिवस ढिम्म. बटण दाबलं की नुसतं चरचरायचं, ज्योत काही निघायची नाही. फ्यूज बदलले, तिन्ही फेज तपासले, अर्थिंगचा चिमटा घासून लख्ख केला. कंप्रेसरचा काटा तर पूर्ण हवा दाखवत होता. घटस्थापना उद्यावर आली आणि गाभारा सताड उघडा. पितरपाटातच मशीन आणलं म्हणून बायकोनं दोन दिवस अबोला धरलेला. शेवटी मेन बंद केलं, टॉर्च टेबलावर टाकला आणि देवीवर तोंडसुख घेतलं.

तेवढ्यात राणीसावरगावाकडची एक बाई कोयता घेऊन दारात उभी राहिली. दसरा झाला की ऊसतोडीला जायचं होतं आणि कोयत्याची मूठ हलत होती. मी खेकसलो, "मावशी, आज येळ न्हाई!" ती खुशाल आत येऊन बसली. टॉर्चकडं बघत म्हणाली, "भाऊ, ह्याचं नाक तर कुंकवानं बुजलंय. स्टू असा बुजल्यावर काय करतूस? पिनच मारतूस न्हवं?"

मी टॉर्च उचलून डोळ्यांजवळ धरला. टोकाचं भोक सुईएवढं, त्यात माझीच भक्ती घट्ट बसलेली! बायकोला हाक मारली. ती स्टोची पिन घेऊन आली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, "हळू मारा, भोक मोठं करताल." टोक उघडून साफ केलं, कोरडं केलं, मेन चालू केलं, बटण दाबलं. फर्रर्र करून निळी-पांढरी ज्योत निघाली आणि पत्रा सरसर चिरत गेला! मी दुकानातच ओरडलो, "आई राजा उदो उदो!" बायको हसत सुटली. मावशी म्हणाली, "आरडू नगंस. देवीचं मागून, आधी माजा कोयता."

आधी तिचा कोयता केला. मग दाराच्या दोन्ही फळ्या कापल्या.

सकाळी घट बसायच्या आधी दार बसलं. पुजाऱ्यानं ते लावून पुन्हा उघडलं, समोर देवी दिसली आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. ती बाई तूच पाठवलीस का, हे मी देवीला कधी विचारलं नाही. मी तर त्या बाईला दारातूनच परत लावत होतो. आता काम कितीही अडलं तरी हातातलं खाली ठेवतो आणि जो कोणी दारात आला असेल त्याला आधी बस म्हणतो.