वाढत्या अंगाचा बोल्ट

बोल्टकाकांनी जन्मात कधी मापाचं काही घेतलं नाही. लेकीच्या शाळेच्या चपला दोन बोटं मोठ्या, रेनकोट घोट्यापर्यंत. "वाढत्या अंगाचं असावं," हा त्यांचा खाक्या. पोरगी सव्वीस वर्षांची घोडी झाली, तरी परवा तिला स्वेटर आणला तो दोघींना पुरेल असा! आता बोला.

त्यांचं नटबोल्टचं दुकान म्हणजे एक खोली आणि तीनशे डबे. कुठल्या डब्यात काय, ते डोळे मिटून सांगत.

त्या दुपारी लेक फळी काखेत मारून धापा टाकत आली. ही फळी पाण्यावर उभं राहून चालवायची. तिच्या पोटाला एक दांडा, दांड्याच्या टोकाला पंख. वेग आला की फळी पाण्याच्या चक्क हातभर वर उचलली जाते. त्या पंखांना फॉइल म्हणतात. चार वाजता लेकीची परीक्षा होती. पास झाली तर ही फळी चालवायला शिकवायची नोकरी पक्की. आणि दांडा धरून ठेवणारे चारही बोल्ट गंजून बाद!

"बाबा, खाऱ्या पाण्यात टिकतील असे चार द्या."

"एवढंच ना?" काकांनी उत्तम स्टेनलेसचा डबा ओढला. बोल्ट पस्तीस मिलिमीटरचे काढले. जुने होते तीसचे, पण थोडा लांब असलेला बरा, नाही का?

लेकीने चारही पिळले. घट्ट झाले. काका मिशीत हसले. मग तिने दांडा धरून हलवला, तर तो खुळखुळला.

काका खाली वाकले. फळीच्या खाचेत नट बसवलेले होते. बोल्ट त्यातून आरपार जाऊन खाचेच्या तळाला टेकला होता. म्हणून हाताला घट्ट लागत होता, पण दांड्याच्या डोक्यावरची पट्टी फळीवर दाबलीच गेली नव्हती. आणखी पिळला असता तर तळच फुटला असता.

"हे अजून वाढणारेत का, बाबा?" लेक खो खो हसली.

काकांना हसू येईना. पोरगी खोल पाण्यात असती आणि दांडा निघाला असता तर? त्यांनी एक बोल्ट काढला. काडेपेटीतली काडी घेतली, पट्टीच्या भोकातून तळापर्यंत घातली, नखाने खूण केली आणि मोजली. बत्तीस. तीसचेच बोल्ट हवे होते. त्यांनी काढून दिले, पण जिवावर आलं हो त्यांच्या!

लेकीने समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. काकांनी दांडा धरून गदागदा हलवला, एकदा नव्हे, सात वेळा. तसूभर हलला नाही.

त्या दिवशी दुकान पहिल्यांदाच भरदुपारी बंद झालं. किनाऱ्यावर काका श्वास रोखून उभे होते. फळी उचलली गेली, वळली, पुन्हा वळली, आणि परीक्षकाने अंगठा दाखवला. काकांनी ढसाढसा रडून घेतलं.

"आता पहिले विद्यार्थी तुम्ही," लेक ओलेत्यानेच म्हणाली.

"मी? मला पोहताही येत नाही गं!" असं म्हणत काकांनी किनाऱ्यावरच्या खोपीतल्या खुंटीवरचं सगळ्यात मोठं तरंगजाकीट अंगात चढवलंसुद्धा. ते पार मांड्यांवर आलं.

लेकीने ते उतरवलं, दुसरं घातलं आणि पट्टे आवळले. "मापाचं घाला, बाबा. आता तुम्ही वाढणार नाही, आणि मीही."

मग तिने बापाचं जाकीट दोन्ही खांद्यांपाशी धरून गदागदा हलवलं. सात वेळा.