हातावरचा आकडा

आधीच कबूल करून टाकते, यंत्र माझं होतं. रक्तदाब मोजायचं, बॅटरीवर चालणारं, भावाने अल्माटीहून आणलेलं. सनुबरच्या दंडाला पहिल्यांदा ते मीच बांधलं आणि पुढच्या तीन वर्षांचा घोळ तिथून सुरू झाला.

सनुबर माझी धाकटी जाऊ, मला अचा म्हणते, म्हणजे ताई. कझाकस्तानातल्या आमच्या यारकेंत गावात बाजारामागे एक खानावळ आहे, तिथे ती लगमनच्या शेवया ओढायची. कणकेची तेल लावलेली लांब वळी दोन्ही मनगटांवर गुंडाळायची, ताणायची, ओट्यावर आपटायची, पुन्हा ताणायची. बाकीच्या बायका एका वेळी चार माणसांपुरतं काढत, ही आठांचं काढायची आणि वर तोंडाची टकळी चालूच. मालक गिऱ्हाइकांना मुद्दाम तिच्या ओट्यासमोर बसवायचा.

मग तिचा डावा हात दमायला लागला. तिसऱ्या ताणाला लुळा पडायचा. हात वर केले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मालक म्हणाला, "लग्न जुनं झालं की बाया आळशी होतात," आणि तिला लसूण सोलायला बसवलं.

आमच्या मोहल्ल्यात महिन्यातून एकदा बायकांची चहाची बैठक भरते, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. खाऊन झालं, सुनांची गाऱ्हाणी संपली की दस्तरखानावरून, म्हणजे जेवणाच्या चादरीवरून, यंत्र फिरतं. प्रत्येकीने दंड पुढे करायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. एकशेसाठ आला की ती बाई तासभर भाव खाते. त्या दिवशी सनुबरच्या डाव्या दंडावर आकडाच उमटेना. मी दोनदा पट्टा बांधला, बॅटऱ्या बदलल्या, यंत्राला शिव्या घातल्या. उजव्यावर नव्वद आला. "कमी आहे," मी ऐटीत जाहीर केलं.

"मीठ द्या पोरीला!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

आमच्या सासूबाई, आपा, यांनी ते मनावर घेतलं. आमचा सकाळचा चहा तसाही खारट, दूध आणि साय घातलेला. सनुबरच्या वाडग्यात आपा एक चिमूट जास्त टाकू लागल्या, पुढे दोन. वाडगा रिकामा होईस्तोवर तिच्यासमोरून हलायच्या नाहीत. माया होती हो. तिनेच तर घात केला.

या वसंतात ती खानावळीत चक्कर येऊन पडली तेव्हा मी तिला अल्माटीला नेलं. तिथल्या डॉक्टरणीने तिचं डावं मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. "इथे नाडी लागत नाही," म्हणाली. मग पायातला मोजा काढायला लावून पट्टा घोट्याच्या वर बांधला. एकशेनव्वद! बऱ्याच तपासण्या झाल्या आणि रोगाचं नाव कळलं, ताकायासू. हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या सुजतात, आतून अरुंद होतात. हातांना रक्त पुरत नाही, म्हणून हातावर आकडा कमी दिसतो. आतला दाब मात्र भडकलेला.

"हातावरचा आकडा खोटा समजा," डॉक्टरीण म्हणाली. "पायावर मोजायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि मीठ सोडायचं, नाहीतर एक दिवस डोक्यात रक्तस्राव होईल."

सनुबर एकतीस वर्षांची आहे. परतीच्या बसमध्ये तिने डॉक्टरणीने दिलेला कागद उघडून वाचला. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते ना, अचा?" मला एवढा संताप आला त्या मालकाचा. आणि माझाही.

घरी येऊन मी आपांना कागद वाचून दाखवला.

"जपानी नाव?" आपा म्हणाल्या. "आपल्या सात पिढ्यांत जपानी कोण होतं?"

"नाव डॉक्टरचं आहे, आपा. त्याने रोग शोधला."

"मग त्यालाच लखलाभ होवो." त्यांनी माझं यंत्र आणलं, सनुबरच्या उजव्या दंडाला बांधलं. अठ्ठ्याऐंशी. "बघ. तुझंच यंत्र खोटं बोलतं होय?" आणि वाडगा पुढे.

रोज हेच. तिने नको म्हणायचं, आपांनी यंत्र आणायचं, यंत्राने आपांच्या बाजूने साक्ष द्यायची. तिचा नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर, घरी आला की म्हणायचा, "पी ना, आईचं मन राहू दे." एकदा तिने चहा जर्दाळूच्या बुंध्याशी ओतला. आपांनी पाहिलं, दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वाडगा. त्यात सुजेवरच्या गोळ्यांनी तिचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला, तर गल्लीतल्या बायका अभिनंदन करायला लागल्या. "काय छान भरलीस गं! गोड बातमी का?"

"मला कुणीतरी आजारी म्हणा हो, अचा," ती डोक्यावरचा रुमाल भिरकावून माझ्यावर ओरडली. "एकदा तरी म्हणा!"

पायावर मोजून दाखवावं तर तेही होईना. आमच्यात सुनेने सासूसमोर पाय लांब करणंच वाईट, दस्तरखानाकडे तर मुळीच नाही. आपा "पाय" हा शब्द ऐकूनच उठून जायच्या.

जूनमध्ये बैठकीची पाळी आमच्या घरी आली. यंत्र फिरत सनुबरपाशी आलं. तिने दंडावर मोजलं, आकडा सांगितला, "अठ्ठ्याऐंशी." आपांनी सगळ्यांकडे बघून मान डोलावली, वाडगा पुढे सरकवला. तेव्हा सनुबरने बसल्या जागी मोजा ओढून काढला, सोळा बायकांदेखत भिंतीकडे डोकं करून आडवी झाली आणि उघडा पाय ताटांच्या दिशेने लांब केला.

"अचा, बांधा."

"पाय आत घे!" आपा ओरडल्या. तरी मी पट्टा बांधला. एकशेब्याण्णव.

मग गणित शिकवून निवृत्त झालेल्या गुलबानू मुअल्लिम म्हणाल्या, "एकशेब्याण्णव अधिक अठ्ठ्याऐंशी, भागिले दोन. एकशेचाळीस! अगं, माझ्यापेक्षा बरं आहे." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी ब्रेड मोडायलाही घेतला.

सनुबर उठून बसली. "मुअल्लिम, उद्या डोक्यातली शीर फुटून मी पडले आणि पाय अजून गरम असले, तर काय म्हणाल? सरासरीने जिवंत आहे?"

ब्रेड तसाच राहिला. आपा मानाच्या जागेवरून उठल्या. येऊन आकडा जवळून पाहिला. "पुन्हा," त्या मला म्हणाल्या. सनुबर परत आडवी झाली. एकशेचौऱ्याण्णव. तिसऱ्यांदा बटण त्यांनी स्वतः दाबलं. एकशेएक्याण्णव.

त्या पायापाशी बसल्या, पट्टा सोडला. सनुबर उठून मोजा घालायला गेली, पण तिचा हात दमला होता, मोजा टाचेवर चढेना. आपांनी तो तिच्या हातातून घेतला आणि तिच्या पायात घातला.

"दोन-दोन चिमटी," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं. मीच घालत होते गं."

सनुबर "असू द्या, आपा" म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही.