आईची पिवळी चादर

"तिथं जाऊन करायचं काय?"

फिरायला निघायचं म्हटलं की बाबांचा हा प्रश्न ठरलेला. आज सकाळीही त्यांनी तो विचारला.

आई असताना तिचं उत्तर एकच. ती डब्यांची पिशवी त्यांच्या हातात द्यायची आणि चपला घालायची.

आई गेली त्याला आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव लांज्याकडचं, आतलं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. रत्नागिरीत नोकरी लागली, भाड्याने दोन खोल्या घेतल्या आणि आई आणि धाकटा भाऊ सुजय यांना घेऊन आले. त्याच सुमारास बाबा मुंबईची गोदामातली नोकरी संपवून परत आले.

म्हणजे चौघं एका घरात पहिल्यांदाच राहत होतो. त्याआधी बाबा म्हणजे मे महिना आणि चौदा एप्रिलची जयंती. बाकी वर्षभर फोन.

घरात कुणी भांडत नव्हतं. पण कुणी बोलतही नव्हतं. बाबा खिडकीत, सुजय मोबाईलमध्ये, आई ओट्याशी.

मला वाटलं, सगळ्यांनी मिळून कुठेतरी फिरायला जायला हवं. मी फोनवर रिसॉर्ट शोधले, वॉटर पार्क शोधला. आईने स्क्रीनकडे बघितलं.

"बसायचे पण पैसे घेतात? आपल्याकडं चादर हाय की."

पुढच्या रविवारी आम्ही भाट्याला, समुद्रावर गेलो. घावणे, जवळ्याची चटणी, बाटलीत सोलकढी आणि ती पिवळी चादर.

आम्ही डोंगरातली माणसं. किनाऱ्यावर वरची वाळू भुसभुशीत, खालची ओली, घट्ट आणि सपाट. आईला ती सारवलेल्या खळ्यासारखी वाटली. "हितं बरं हाय," म्हणाली, आणि पाण्यापासून थोड्याच अंतरावर तिने चादर अंथरली.

दुसरा घावणा हातात असताना पाणी आलं.

चटणीचा डबा तरंगला. बाबांची एक चप्पल वाहून निघाली. आणि बाबा तिच्यामागे धावले.

मी बाबांना धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सुजयनेही नाही. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

"अहो, इतकी वर्षं मुंबईला होतात, समुद्र बघितला नाय काय?" आई म्हणाली.

बाबा पँट गुडघ्यापर्यंत भिजवून उभे, हातात चप्पल.

"बघितला. कधी बसलो नव्हतो."

त्या दिवशी घरी येताना चौघंही बोलत होतो. बसमधल्या एका आजींनी मागे वळून बघितलं, एवढं.

मग प्रत्येक रविवार ठरला. थिबा पॉइंट, भगवती किल्ला, मांडवी. एकदा एसटीने पूर्णगडपर्यंत. निघायच्या आधी सुजय भरतीची वेळ बघायचा. बाबा दर वेळी तोच प्रश्न विचारायचे आणि दर वेळी पिशवी उचलायचे.

आईचा नियम एकच. सगळे डबे चादरीच्या मधोमध.

"ज्याचं त्यानं घ्या. हितं चूल नाय, मी उठणार नाय."

मी तेव्हा फक्त फोटो काढत होते. समुद्राचे, सूर्यास्ताचे, अधूनमधून आमचे.

गेल्या आठवड्यात गावच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमासाठी आईचा फोटो शोधायला बसले. आत्या म्हणाली, चांगल्या साडीतला दे. तो मिळाला. पण शोधता शोधता मला एक गोष्ट दिसली.

जेवत असलेली आई फक्त त्या चादरीवर आहे.

घरातल्या एकाही फोटोत तिच्यापुढे ताट नाही. वाढदिवसाच्या नाही, जयंतीच्या नाही. ती मागे उभी आहे, हातात पळी. आमचं झालं की ती बसायची, एकटी, ओट्याकडे तोंड करून. गावात सगळ्याच घरांत असंच, म्हणून मला कधी खटकलं नाही.

रविवारी ती आमच्याबरोबर जेवायची.

या पोस्टबरोबरचा फोटो पूर्णगडचा आहे. तोंडात घास आहे, केस उडालेत, डोळे अर्धे मिटलेत. आत्या, रागावू नकोस. मला हीच आई हवी होती.

ती तापाने गेली आणि चादर कपाटात गेली. वर्षभर आम्ही कुठेच गेलो नाही. बाबा पुन्हा खिडकीत. परवा म्हणाले, "वरीस झालं की मी गावाला जातो. कायमचा." काल बॅग भरून दाराशी ठेवली.

आज मी सुट्टी घेतली. सकाळी घावणे केले. बिघडले, पण केले.

"भाट्याला जाऊया."

"तिथं जाऊन करायचं काय?"

मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि चपला घातल्या.

या वेळी वरच्या वाळूत बसलो. डबे मधोमध ठेवले. कुणीच हात घालेना. मग बाबांनी एक घावणा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घे गो बाय. तुझ्या आयशीसारखे नाय झाले. पण घे."

बाबांना कुणाला तरी वाढताना मी पहिल्यांदा बघत होते.

"गावाला जेवणाचं कसं करणार?" मी विचारलं.

"भात येतो मला."

"आणि बसणार कुणाबरोबर?"

त्यांनी पाण्याकडे बघितलं. सुजयला म्हणाले, "भरती कदी हाय रे?"

"दुपारनंतर."

"मग बसू जरा."

गावचा कार्यक्रम रविवारी आहे, ज्यांना जमेल त्यांनी या. आम्ही तिघं मिळून येऊ. परतताना किती जण असू, ते बाबांनी सांगितलेलं नाही. पण बॅगेतून टॉवेल आणि दाढीचं सामान बाहेर आलं आहे.

आई, तुला वंदन.

घरी येऊन चादर झटकली तरी वाळू थोडी राहिलीच. तशीच ती ओट्यासमोर जमिनीवर अंथरली आहे. भाताचा टोप मधोमध ठेवला आहे. ताटं तिन्ही एकदम मांडली.

बाबा बसलेत, सुजय बसलाय, आणि मीही बसले आहे.