फोडणीची पळी

साकोलीच्या डॉक्टरांनी माझ्या तीन वर्षांच्या पोरीचं रक्त नागपूरला पाठवलं, तेव्हा मला वाटलं, फार तर जंत निघतील. पोटात कळा यायच्या, घास तोंडात टिकायचा नाही, हात लावला की चिडायची. रिपोर्टात निघालं शिसं. डॉक्टर म्हणाले, "कुठून जातंय ते शोधा आणि बंद करा. लवकर थांबलं तर सावरेल, नाहीतर डोक्यावर परिणाम राहील." शोधायचं काय डोंबल? आमच्या घरात शिसं चुलीवरच असायचं.

आमचं घर तलावातल्या मासळीवर चालतं. फेकलेलं जाळं तळाला बसावं म्हणून त्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या लावतात. गावात बरेच जण त्या घरीच ओतायचे, आमच्याकडे माझे सासरे. भंगारातल्या बॅटऱ्या फोडायचे, आतलं शिसं जुन्या कढईत वितळवायचे आणि मातीच्या साच्यात ओतायचे. पोर बाजूलाच बसलेली. थंड झालेल्या गोळ्या तिची खेळणी, आणि खेळणं म्हटलं की तोंडात जाणारच.

बचत गटातल्या बायांना मी रिपोर्ट दाखवला. लेकरं त्यांच्याही घरात होती. आम्ही सगळ्या मिळून मच्छीमारांच्या बैठकीत जाऊन बसलो आणि सांगितलं, घरात शिसं वितळवणं बंद. सासरे सगळ्यांसमोर उखडले.

"माह्या बापानं याच चुलीवर वितळवलं. आमी मेलो काय? शिशाबिगर जाळं बुडन कसं?"

मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. "मामाजी, जाळ्याचं मंग पाहू. तुमाले नात पायजे का गोळ्या, तेवढं सांगा."

ते उठून गेले. सकाळी पाहते तर कढई त्यांनीच अंगणाबाहेर आणून ठेवली होती.

मग बायांनी घरोघरच्या कढया, साचे, बॅटऱ्यांची खोकी गोळा करून गावाबाहेर पिंपात भरली आणि झाकण ठोकलं. अंगणातली वरची माती खरडून नव्यानं सारवलं. जाळ्यांना गॅरेजातले लोखंडी नट बांधले. जाळं पहिल्यासारखं पडत नाही म्हणून माणसं कुरकुरली, पण नट काही कोणी सोडले नाहीत.

दुसरा रिपोर्ट आला. शिसं तेवढंच. डॉक्टर म्हणाले, अजून पोटात जातंच आहे.

हापशीवर एक बाई मला ऐकू येईल अशा बेतानं बोलली, "गावभर चुली झाडून राहिली, अन् घरची पोर तशीच." मी पोरीच्या मागेमागे फिरायला लागले. कोणी तिच्या हातात काही दिलं की मी हिसकावून पाहायचे. पोर मला पाहूनच रडायची.

एका दुपारी सासू तिच्यासाठी वरण करत होती. पोर खंगली म्हणून तिच्या वाटीला वेगळी, लसणाची फोडणी. लोखंडी पळीत तेल तडतडत होतं. दांडा जिथं पळीला जोडलेला, तिथं मला काहीतरी चकाकलं. मी पळी ओढून घेतली. खाचेत राखाडी चांदीसारखा पदर बसला होता.

"आत्याबाई, शिसं ओततानी मामाजी हेच पळी घेत होते?"

"मंग काय, दुसरी कुठून आणावं? राखेनं घासतो ना मी. अन् जाळातून निघालेली वस्तू बाटत नाई."

माझा आवाज चढला. काय बोलले ते आता आठवत नाही, आणि बरंच आहे. वरण मी खड्ड्यात ओतलं. सासरे पळी घेऊन पिंपाकडे गेले. त्याच दिवशी बायांनी पुन्हा घरं पालथी घातली, आणि आमच्यासारख्या पळ्या आणखी चुलींजवळ सापडल्या. कढई सगळ्यांनी टाकली होती. पळी स्वयंपाकाची म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

पुढच्या रिपोर्टात शिसं उतरलं. पोरीनं आपणहून भात मागितला तेव्हा मी चुलीपाशीच रडले. सासू जवळ येऊन बसली. माझ्या नवऱ्याच्या आधी तिला दोन मुली झाल्या होत्या. दोघीही चालायला लागल्यावर आजारी पडून गेल्या. घरात त्यांचा विषय कोणी काढत नाही.

"त्याइच्याबी पोटात अशाच कळा येत होत्या," ती म्हणाली. "मीच वरण भरवत होती. त्याच पळीची फोडणी देऊन."

"आत्याबाई, ते आता कोणालेच सांगता येत नाई," मी म्हणाले.

खरं तेच होतं. तरी ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.