पुण्याचा समुद्र

मिक्सर दुरुस्तीला टाकायला मी कुंभकोणमच्या बाजारात उभा होतो, तेव्हा पद्माचा फोन आला. "रघू, सेतु गेला. झोपेतच गेला." समोर दुकानदार म्हणत होता, "सार, ब्लेड बदलावं लागेल." मी म्हटलं, "बदला." तेवढंच सुचलं.

सेतुमाधव म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. पद्मा त्याची बायको. आणि त्या दोघांचं लग्न माझ्या गाढवपणामुळे झालं! सेतु होता तोवर हे तोंडातून काढायची सोय नव्हती. आता ऐका. फक्त हसताना माझ्याकडे बघू नका.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सेतु आणि मी बारावीची परीक्षा देऊन मोकळे. पद्मा मद्रासहून मामाकडे सुट्टीला आलेली. आमच्यातलीच, म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. तिची शाळा उघडायच्या आत तिला मनातलं सांगायचं, एवढाच माझा त्या उन्हाळ्याचा कार्यक्रम होता.

एका दुपारी ती म्हणाली, "रघू, मी एकाशी चॅट करते. विक्रम नाव. पुण्याचा आहे!"

पुण्याचा! तुम्हाला त्यात काय वाटणार? आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले ते इथंच राहिले. पुणं आम्ही नकाशात पाहिलेलं. पुण्याचा मुलगा म्हणजे अस्सल मराठी, आणि आम्ही? सांबारात बुडून फुगलेले वडे.

पोटात नुसती आग पेटली. सेतुला सांगितलं, तर तो म्हणाला, "सोड डा. पुण्याच्या मुलापुढे आपला काय टिकाव लागणार?" किती समंजस मित्र, असं वाटलं मला.

पण सोडतोय कसला! महामहम तळ्याजवळ एक ब्राउझिंग सेंटर होतं. प्लायवूडचे खोके, प्रत्येक खोक्यात एक कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा पंखा. तिथं बसून मी 'नेहा, पुणे' झालो. विक्रमला गळाला लावायचा आणि पद्मापासून तोडायचा, असा डाव.

तो लगेच बोलायला लागला. विचारलं, "संध्याकाळी काय करतेस?"

आता पुण्याच्या मुली संध्याकाळी काय करतात, मला काय ठाऊक! मद्रासच्या मुली करतात तेच करत असणार. ठोकून दिलं, "मैत्रिणींबरोबर समुद्रावर जाते."

समोर अस्सल पुणेकर, पकडलं तर?

उत्तर आलं, "मीपण! काल लाटा काय मोठ्या होत्या ना?"

"हो ना," मी लिहिलं, "माझी एक चप्पल वाहून गेली."

हसा, हसा. आम्हाला दोघांनाही काही खटकलं नाही.

मासा गळाला लागला खरा, पण पद्माला काही सोडेना. ती रोज सांगायची, "विक्रम आज असं म्हणाला, तसं म्हणाला." मी घरी येऊन तडफडायचो. अरे, मला म्हणतोस तुझ्यावाचून करमत नाही, आणि तिकडे हिच्याशी गुलुगुलु? हा जळफळाट रघूचा की नेहाचा, माझं मलाच कळेना! शेवटी एक दिवस लिहिलं, "तुझ्या आयुष्यात दुसरी कुणीतरी आहे. बाईला कळतं."

उत्तर आलं, "होती. आता तुझ्याशिवाय कुणाशी बोलणार नाही. शप्पथ."

जिंकलो! माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. का, ते विचारू नका.

विक्रम गप्प झाला आणि पद्माचा चेहरा उतरला. मला हवी होती तीच वेळ. ती आपणहून म्हणाली, "रघू, चल ना, बसनं स्वामीमलैच्या देवळात जाऊन येऊ."

आणि मी काय म्हणालो असेन? "आज नको, चार वाजता काम आहे."

चार वाजता विक्रम वाट बघायचा ना!

त्याच दिवशी त्यानं विचारलं, "नेहा, खरं सांग. मी तुला आवडतो?" मी पहिलं अक्षर दाबलं आणि करंट गेला. पंखे थांबले, पडदे काळे झाले. शेजारच्या खोक्यातून कुणीतरी कळवळून ओरडलं, "अय्यो, नेहा!"

आवाज सेतुचा.

मी अंधारात खुर्चीला चिकटून बसलो. बाहेर पडलो तर तो दारातच.

"तू इथं?"

"कॉम्प्युटर शिकतोय. तू?"

"मीपण."

संध्याकाळी त्यानं पद्मापुढे सगळं कबूल केलं. मीच विक्रम, पण आता माझ्या मनात नेहा आहे. पद्मा तणतणत माझ्याकडे आली.

"कोण रे ही नेहा? सेतुसारख्या साध्या मुलाला नादाला लावते!"

"साधा? तो तुला फसवत होता!"

"फसवतोय कसला! पुण्याच्या मुलाला माझ्या मामाच्या कुत्र्याचं नाव कसं माहीत? पहिल्या आठवड्यातच ओळखलं मी. स्वतःहून कधी सांगतो याची वाट बघत होते. मध्येच ही भवानी टपकली! आता बघतेच तिच्याकडे."

ती नेहा मीच, हे सांगायला मी तोंड उघडलं. पद्माचे डोळे पाहिले आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी नेहानं विक्रमला कळवलं की घरच्यांनी तिचं लग्न ठरवलंय. सेतु जेवेना. त्याला समजावून इडल्या कुणी भरवल्या? मीच!

पुढे दोघांचं लग्न झालं. फिरायला कुठं जायचं, तर पद्मा म्हणाली पुण्याला, त्या बयेचा समुद्र बघायचाय. रिक्षावाला हसून हसून रिक्षा चालवायचं विसरला म्हणे.

"खोटारडी होती तुझी नेहा!"

"तिला बोलू नकोस," सेतु म्हणाला, "समुद्रावर जातो असं मीपण म्हटलं होतं."

त्यानंतर भाजीत मीठ कमी पडलं तरी सेतु म्हणायचा, "नेहानं बरोबर घातलं असतं!" मी खाली मान घालून जेवायचो. आणि खोटं कशाला बोलू? नेहाचं नाव काढलं की सेतुचा चेहरा असा उजळायचा, की माझ्या पोटात पुन्हा ती जुनी आग. या खेपेला कुणावर, देव जाणे.

तेराव्यानंतर पद्मानं मला कॉफी दिली आणि समोर बसली.

"रघू, त्या नेहाला कळवायला हवं रे. जन्मभर जळले मी तिच्यावर. पण तिला कळायला हवं. तुला त्या कॉम्प्युटरमधलं समजतं. शोधशील?"

"शोधतो," म्हटलं.

मिक्सर अजून दुकानातच आहे. नेहालाही अजून कळवलेलं नाही.